सर्व्हेचे फॉर्म भरून झाले, आता टक्के काढायची घाई करू नका: डेटा ॲनालिसिस पायरी-पायरीने

सबमिशनची तारीख जवळ आली की एमएसडब्ल्यू, सोशिओलॉजी, एमकॉमचे पोट्टे चारशे फॉर्मची एक्सेल शीट घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "सर, यात पाय चार्ट टाकू का बार?" वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या छोट्या संस्थांचंही तेच, आज फॉर्म भरून झाले की उद्या टक्के पाहिजेत. टक्के तर एक्सेल दोन मिनिटांत काढून देतं, पण ते कितीपैकी आणि कोणापैकी, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहतात. बहुतेक चुका गणितात नसतातच, क्रमात असतात. जे आधी करायचं ते मागे राहतं आणि मग बाइंडिंगला द्यायच्या आदल्या रात्री कळतं की वयाच्या कॉलममध्ये ९९ वर्षांची बावीस माणसं बसलीत.

समजायला एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. नागपूर शहरातले १८ वर्षांवरचे ४०० लोक, विषय सिटी बस आणि मेट्रो. यातले सर्व्हेचे आकडे मी हिशोब दाखवायला बनवलेत, कोणत्याही खऱ्या सर्व्हेचे नाहीत, उचलून रिपोर्टमध्ये चिकटवू नका.

सॉफ्टवेअरसाठी अडून बसायचं कारण नाही. एक्सेल, गूगल शीट किंवा लिबरऑफिस कॅल्क यातलं काहीही चालतं. एसपीएसएस (आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर) च सांगितलं असेल तर क्रॅक कॉपी शोधत फिरू नका, पीएसपीपी फुकट आहे आणि वापरायला बरंचसं तसंच आहे, जॅमोव्हीही फुकट आहे.

१. डेटा उघडायच्या आधी रिकामी टेबलं काढा

कोरा कागद घ्या आणि रिपोर्टमध्ये जी टेबलं पाहिजेत ती आकड्यांशिवाय आखा. आडव्या ओळीत काय, उभ्या कॉलममध्ये काय, आणि खाली बेस, म्हणजे टक्के कितीपैकी काढायचे ते. हे काहून करायचं, तर बेस प्रत्येक प्रश्नाला बदलतो आणि ते डेटा समोर असताना लक्षात राहत नाही. "मेट्रोचं तिकीट परवडतं का" हा प्रश्न जर गेल्या महिन्यात मेट्रोत बसलेल्यांनाच विचारला असेल तर त्याचा बेस ४०० नाही, जितके बसले तितकाच. १५० बसले आणि ९० जणांना परवडतं तर उत्तर ६० टक्के आहे, साडेबावीस नाही.

दहा-बारा टेबलांत बहुतेक प्रोजेक्टचं काम भागतं. पन्नास प्रश्न विचारले म्हणून पन्नास टेबलं आणि पन्नास पाय चार्ट टाकायचा जो रिवाज पडलाय तो गाईडला आवडत असेल कदाचित, वाचणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

तपासा: प्रत्येक रिकाम्या टेबलाखाली बेस लिहिलाय का? जिथे लिहिता येत नाही तिथे प्रश्नच नीट समजलेला नाही असं समजा.

२. सॅम्पल (ज्यांना विचारलं ते लोक) कसं आलं ते लिहून ठेवा, आत्ताच

आता ४०० हा आकडा कुठून येतो बघा. एक सूत्र सगळीकडे फिरतं, लोकसंख्येला "एक अधिक लोकसंख्या गुणिले एररचा वर्ग" याने भागायचं, एरर म्हणजे आपण चालवून घेणार ती चूक. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांच्या थोडं वर आहे, चूक ०.०५ धरली की उत्तर ४००. दुसरं एक टेबल आहे त्यात ३८४ येतात. दोन्ही बरोबर आहेत, आणि गंमत म्हणजे २४ लाखांच्या जागी ४० हजार वस्तीचं गाव टाकलं तरी उत्तर ३९६ येतं, म्हणजे शहर मोठं म्हणून सॅम्पल मोठं पाहिजे ही समजूत इथेच संपते.

पण ही सूत्रं एका अटीवर चालतात. शहरातल्या प्रत्येक माणसाला निवडलं जायची सारखी संधी पाहिजे. गूगल फॉर्मची लिंक कॉलेजच्या ग्रुपवर टाकली, तिथून मामाच्या ग्रुपवर गेली, आणि ४०० झाले की बंद केली, तर ते ४०० नागपूरचे नाहीत, तुमच्या ओळखीचे आहेत. संख्या वाढवून हे भरून निघत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट मासिकाने निवडणुकीआधी २३-२४ लाख मतपत्रिका परत मिळवल्या होत्या, म्हणजे जवळपास आख्ख्या २०११ च्या नागपूरएवढ्या, आणि तरी हरणारा उमेदवार जिंकणार म्हणून छापलं. पत्ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारवाल्यांच्या यादीतून घेतलेले, आणि परत पाठवणारेही ठराविकच लोक.

घरोघर गेलात तरी वेळ आणि जागा लिहून ठेवा. मे महिन्यात दुपारी दोनला दार वाजवलं तर उघडणारी बहुतेक घरची बाई किंवा म्हातारं माणूस, नोकरीवाला सापडत नाही. संध्याकाळी फुटाळा तलावावर उभे राहिलात तर तरुण पोरंच भेटतील, बर्डीच्या मेट्रो स्टेशनबाहेर उभे राहिलात तर मेट्रो वापरणारेच, आणि मग ८० टक्के नागपूरकर मेट्रो वापरतात असा निष्कर्ष निघतो. तो नागपूरकरांबद्दल नाही, स्टेशनच्या गेटबद्दल आहे.

एका पानावर हे लिहा: कोणत्या झोनमध्ये किती फॉर्म, कोणत्या वेळी, किती जणांनी नाही म्हटलं, किती घरांना कुलूप होतं, फॉर्म मराठीत किती आणि हिंदीत किती भरले. महिनाभराने हे आठवत नाही.

सावधान: ओळखीतून किंवा लिंकवरून गोळा केलेल्या डेटावर "नागपूरचे ५३ टक्के नागरिक" असं वाक्य लिहायचं नाही. "उत्तर देणाऱ्यांपैकी ५३ टक्के" असं लिहा. एवढ्याशा फरकावर व्हायव्हात अर्धे प्रश्न वाचतात.

३. कोडबुक बनवा

वेगळी शीट घ्या. प्रत्येक प्रश्नाला छोटं नाव, प्रत्येक उत्तराला आकडा. पुरुष १, स्त्री २, इतर ३. एवढं सगळे करतात, चूक होते ती पुढच्या गोष्टींत.

"माहीत नाही" आणि "उत्तर दिलं नाही" ही दोन वेगळी उत्तरं आहेत, दोन वेगळे कोड द्या. रात्रीच्या बसबद्दल मत नाही म्हणणारा माणूस कदाचित रात्री बाहेरच पडत नसेल, ती माहिती आहे. कोरी सोडलेली जागा म्हणजे फॉर्म भरणाऱ्याची घाईही असू शकते.

वयाच्या कॉलमला ९९ हा मिसिंग कोड (उत्तर मिळालं नाही याची खूण) देऊ नका. सरासरी काढताना एक्सेलला काय माहीत की हे वय नाही. एकतर सेल कोरा ठेवा नाहीतर असा कोड द्या की जो खऱ्या उत्तरात येऊच शकत नाही, जसं उणे ९, आणि हिशोबाआधी तो वगळा.

वय असेल तर पूर्ण वर्षांत लिहून घ्या, गट नंतर पाडता येतात. उलटं होत नाही, १८ ते ३५ असा गट एकदा फॉर्मवर छापला की त्यातून १८ ते २५ वेगळे काढता येत नाहीत.

उलट्या वाक्यांवर खूण करा. "बस वेळेवर येते" ला ५ म्हणजे चांगलं आणि "बसमध्ये फार गर्दी असते" ला ५ म्हणजे वाईट. दोन्हींची तशीच बेरीज केली की चांगलं-वाईट एकमेकांना खाऊन टाकतं आणि सगळ्यांचा स्कोअर मधे येऊन बसतो. उलट्या वाक्यासाठी नवीन कॉलम करा आणि त्यात ६ वजा जुना आकडा लिहा, जुना कॉलम खोडू नका.

४. साफसफाई, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो

आधी मूळ फाइलची कॉपी करा, नावात "मूळ" लिहा आणि तिला पुन्हा हात लावू नका. कॉपीमध्ये प्रत्येक ओळीला क्रमांक द्या, कागदी फॉर्म असतील तर तोच क्रमांक पेनाने फॉर्मवरही टाका. नाव आणि मोबाइल नंबर याच वेळी वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा, ॲनालिसिसच्या शीटमध्ये त्यांचं काही काम नाही, आणि ती शीट पुढे चार जणांच्या व्हॉट्सॲपवर फिरणार हे तुम्हालाही माहीत आहे.

मग या क्रमाने:

पात्रता. १८ च्या खालचे, शहराबाहेर राहणारे काढा. किती काढले ते लिहा.

डबल फॉर्म. लिंकवर लोक दोनदा सबमिट दाबतात. टाइमस्टॅम्प लावून पाहा, दोन मिनिटांच्या आत तंतोतंत सारख्या दोन ओळी दिसल्या तर एक काढा.

आकडे खरंच आकडे आहेत का. "२५ वर्षे", "पंचवीस", आकड्याआधी स्पेस, हे सगळं एक्सेलला मजकूर वाटतं. ओळखायची सोपी खूण अशी की फॉरमॅट बदललेला नसेल तर आकडा सेलच्या उजव्या बाजूला चिकटतो आणि मजकूर डाव्या. पक्कं पाहायचं तर काउंट आणि काउंटए ही दोन फंक्शनं एकाच कॉलमवर चालवा, पहिलं फक्त आकडे मोजतं आणि दुसरं भरलेले सगळे सेल, दोन्ही उत्तरं जुळली नाहीत की जितका फरक तितके सेल बिघडलेले.

स्पेलिंग. एकाच जागेसाठी बर्डी, सीताबर्डी, सिताबर्डी आणि शेवटी एक न दिसणारी स्पेस असलेली सीताबर्डी, पिव्होट टेबलमध्ये (एक्सेलचं आपोआप मोजणी करून देणारं टेबल) चार वेगळ्या ओळी होतात. ट्रिम फंक्शनने स्पेस जाते, बाकी फाइंड-रिप्लेस. वस्तीवरून झोन लावायचा असेल तर महापालिकेच्या यादीवरून लावा, मनाने नको. झोन दहा आहेत (लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी) आणि धरमपेठ झोन म्हणजे नुसतं धरमपेठ नाही.

एकमेकांशी न जुळणारी उत्तरं. मेट्रोत कधीच बसलो नाही म्हणणाऱ्याने मेट्रोच्या एसीला पाचपैकी चार दिलेत. अशा वेळी आधीचं उत्तर धरायचं की नंतरचं याचा एक नियम ठरवा आणि सगळ्यांना तोच लावा. प्रत्येक फॉर्मला वेगळा न्याय केलात तर तो डेटा तुमच्या मनासारखा व्हायला लागतो.

सरळ रेघ. पंधरा वाक्यांना पंधराही वेळा ४. खास करून उलट्या वाक्यालाही ४ असेल तर माणसाने वाचलेलं नाही. पण लगेच उडवू नका, आधी कोणत्या भरणाऱ्याचे (म्हणजे लोकांना विचारून फॉर्म भरणाऱ्या पोराचे) फॉर्म आहेत ते पाहा. घरोघरच्या सर्व्हेत हे असं होतं:

"काकू, बसच्या वेळेबद्दल काय वाटते तुम्हाले?"
"चांगलंच आहे बेटा."
"आन् ड्रायव्हर-कंडक्टरचं वागणं?"
"सगळं चांगलंच आहे, तू लिही नं तुझ्या मनानं, मले भाजी ठेवायची आहे गॅसवर."

आणि पोट्टा खरंच लिहितो. म्हणून फॉर्म भरणाऱ्यांप्रमाणे एक पिव्होट टेबल काढा, कोणाच्या फॉर्ममध्ये "पूर्ण सहमत" किती टक्के. पाच जणांचे तीस ते चाळीसच्या मधे आणि एकाचे नव्वद, तर तो वस्तीचा फरक आहे का त्या भरणाऱ्याच्या कंटाळ्याचा, हे त्याच्यासोबत बसून विचारा.

तपासा: साफसफाईची एक डायरी शीट ठेवा, ओळ क्रमांक, काय बदललं, काहून बदललं. सुरुवातीला ४३१ ओळी होत्या आणि आता ४०० आहेत तर मधल्या ३१ चा हिशोब डायरीतून निघाला पाहिजे.

५. आधी पाहा, उत्तर देणारे कोण आहेत

मतांकडे जायच्या आधी स्त्री-पुरुष, वयोगट, शिक्षण, झोन यांची साधी टेबलं काढा आणि शेजारी शहराचा खरा वाटा लिहा. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहरात शंभरात साधारण ५१ पुरुष आणि ४९ बाया. वयोगटासाठी जनगणनेच्या सी सीरिजमधलं वयोगटाचं टेबल घ्या आणि १८ च्या खालचे वजा करूनच वाटा काढा, काहून की तुमच्या सर्व्हेत लहान पोरं नाहीत. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही म्हणून इतका जुना आकडा वापरावा लागतो, तो जुना आहे असं रिपोर्टमध्ये सरळ लिहा. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) ची नागपूर जिल्ह्याची फॅक्टशीटही मिळते, पण ती जिल्ह्याची आहे, म्हणजे ग्रामीण भाग धरून, शहराच्या सर्व्हेशी थेट तुलना करू नका.

जात-प्रवर्गाबद्दल एक अडचण आहे. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती आणि जमातींचे आकडे मिळतात, ओबीसींचे वेगळे नाहीत. म्हणजे तुमच्या सॅम्पलमध्ये ओबीसी जास्त आले का कमी, हे जनगणनेवरून सांगता येत नाही. आंतरजालावर कुठूनतरी उचललेला आकडा शेजारी लावण्यापेक्षा ती जागा रिकामी ठेवलेली बरी.

६. गरज असेल तरच वेट द्या

समजा ४०० पैकी २६० पुरुष आणि १४० बाया आल्या, म्हणजे ६५ आणि ३५ टक्के. प्रश्न होता, "रात्री ८ नंतर बसने जायला सुरक्षित वाटतं का?" पुरुषांपैकी १५६ हो म्हणाले, म्हणजे ६० टक्के, आणि बायांपैकी ५६, म्हणजे ४० टक्के. एकूण हो २१२, म्हणजे ५३ टक्के. बातमी तयार, निम्म्याहून जास्त नागपूरला रात्रीची बस सुरक्षित वाटते.

आता वेट, म्हणजे कमी आलेल्या गटाला जास्त आणि जास्त आलेल्याला कमी मोजायचा आकडा. सूत्र एकच, शहरातला वाटा भागिले सॅम्पलमधला वाटा. पुरुषांना ५१ भागिले ६५, म्हणजे ०.७८ च्या आसपास, बायांना ४९ भागिले ३५, म्हणजे १.४. परत हिशोब केला की ६० चे ५१ टक्के ३०.६ आणि ४० चे ४९ टक्के १९.६, बेरीज ५०.२. कोणाचंच मत बदललं नाही, नुसतं बायांना त्यांच्या वाट्याएवढं मोजलं तर निम्म्याहून जास्त होते ते अर्धे-अर्धे झाले.

एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीपुढे वेटचा कॉलम ठेवा आणि मोजताना काउंटइफच्या जागी समइफने वेटची बेरीज करा.

सावधान, आणि हे दोन्ही नेहमी चुकतं. एक, वेटची एकूण बेरीज ४०० च आली पाहिजे. काहीजण प्रत्येक माणसाला सहा हजारांचं वेट देतात, म्हणजे बेरीज २४ लाख व्हावी म्हणून, आणि मग पुढच्या टेस्टला (फरक खरा का योगायोग ते तपासणारी, पायरी ९) वाटतं की खरंच २४ लाख लोकांना विचारलंय, कचऱ्याएवढा फरकही सिग्निफिकंट, म्हणजे योगायोगापलीकडचा, दाखवते. दोन, वेटची किंमत मोजावी लागते. वरच्या उदाहरणात वेटच्या बेरजेचा वर्ग भागिले वेटच्या वर्गांची बेरीज केली की ३६८ येतात, म्हणजे ४०० फॉर्म भरून ताकद ३६८ चीच उरली. कोणाचं वेट ४-५ च्या वर जात असेल तर तिथे वेटने काम भागणार नाही, परत जाऊन ते लोक शोधून फॉर्म भरा.

आणि ज्या सॅम्पलमध्ये झोपडपट्टीतलं कोणीच नाही तिथे शून्याला कितीनेही गुणा, शून्यच.

७. एकेक मताचा प्रश्न

इथे मुख्य भांडण "माहीत नाही" चं. ४०० पैकी १८० हो, १४० नाही, ८० माहीत नाही. हो किती टक्के? ४०० चा बेस धरला तर ४५, "माहीत नाही" वाले काढले तर ५६. दोन्ही बरोबर आहेत पण एका रिपोर्टमध्ये एका टेबलाला एक आणि दुसऱ्याला दुसरा बेस असं करू नका, आणि जास्त दिसतो म्हणून ५६ निवडू नका. मी तर "माहीत नाही" नेहमी टेबलात ठेवतो, वीस टक्के लोकांना मतच नाही ही मोठी गोष्ट आहे.

पाच पातळ्यांचे प्रश्न, पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत. यांची सरासरी ३.० आली म्हणून "लोकांचं मत मध्यम आहे" असं लिहिलेलं दर दुसऱ्या रिपोर्टमध्ये सापडतं. सगळ्यांनी ३ दिलं तरी सरासरी ३, अर्ध्यांनी १ आणि अर्ध्यांनी ५ दिलं तरी ३. म्हणून आधी पाचही पातळ्यांचे टक्के द्या, मग वाटलं तर वरच्या दोन एकत्र करा. मधली पातळी कोणत्याही बाजूला जोडू नका.

एकाहून जास्त उत्तरं चालणारे प्रश्न, "बसने काहून जात नाही, लागू असेल ते सगळं निवडा". गूगल फॉर्म ही सगळी उत्तरं एकाच सेलमध्ये स्वल्पविराम लावून टाकतो. प्रत्येक पर्यायाचा वेगळा कॉलम करा, निवडला तर १ नाहीतर ०. पर्यायाच्या वाक्यातच स्वल्पविराम असेल ("उशीर होतो, गर्दी असते") तर स्प्लिट करताना त्याचे दोन तुकडे पडतात, ते हाताने पाहा. टक्के माणसांपैकी काढा. ४०० जणांनी मिळून ९०० खुणा केल्या आणि "वेळेवर येत नाही" वर २४० खुणा असतील तर उत्तर ६० टक्के लोक, २७ टक्के खुणा नाही. बेरीज शंभराच्या वर जाणारच, त्यामुळे इथे पाय चार्ट चालतच नाही.

उत्पन्नाला मीडियन (सगळे आकडे चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला) द्या, सरासरी नको. एक बिल्डर सॅम्पलमध्ये आला की सगळी वस्ती श्रीमंत दिसते.

८. क्रॉसटॅब (दोन प्रश्न एकमेकांसमोर मांडलेलं टेबल), टक्के कोणत्या दिशेने

पिव्होट टेबलमध्ये लिंग ओळीत टाका, उत्तर कॉलममध्ये. आता एक्सेल तीन प्रकारचे टक्के दाखवू शकतं, ओळीचे, कॉलमचे आणि एकूणाचे, आणि पोट्टे जो पहिला दिसेल तो घेतात.

ओळीने: पुरुषांपैकी ६० टक्के आणि बायांपैकी ४० टक्के सुरक्षित म्हणतात. हे पाहिजे.

कॉलमने: सुरक्षित म्हणणाऱ्या २१२ मध्ये १५६ पुरुष, म्हणजे ७४ टक्के. हे गणिताने बरोबर आहे पण यावरून "७४ टक्के पुरुषांना सुरक्षित वाटतं" असं लिहिलं की झालं वाटोळं. शिवाय तो ७४ मुळात इतका मोठा आहे कारण तुम्ही पुरुषच जास्त पकडले होते.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, ज्या गोष्टीमुळे फरक पडत असेल असं वाटतं (लिंग, वय, झोन) तिच्या प्रत्येक गटाची बेरीज १०० करा आणि मग गटांची तुलना करा.

शिकलेल्यांना मेट्रो जास्त आवडते असं दिसलं तर थांबा. म्हाताऱ्या माणसांमध्ये शिक्षण कमी, आणि मेट्रोचे जिने-लिफ्ट करत जायचा कंटाळाही त्यांनाच जास्त असू शकतो, म्हणजे फरक शिक्षणाचा नसून वयाचा असेल. वयाचे दोन गट पाडा आणि प्रत्येकात शिक्षणाचं टेबल परत काढा. दोन्हीकडे फरक टिकला तर शिक्षणाबद्दल बोलता येतं. मात्र असं तुकडे पाडत गेलं की बेस भराभर घटतो. एनएफएचएसच्या रिपोर्टमध्ये २५ ते ४९ केसेसवरचा टक्का कंसात छापतात आणि २५ च्या खाली असेल तर नुसता तारा. तुम्हीही तेच करा, ११ जणांपैकी ७ म्हणजे ६३.६४ टक्के असं दोन दशांशांत लिहिणं बंद करा.

९. फरक खरा का योगायोग

मार्जिन, म्हणजे सॅम्पलमुळे टक्का खऱ्या आकड्यापासून किती इकडे-तिकडे असू शकतो ते, पटकन काढायची युक्ती, ९८ ला बेसच्या वर्गमुळाने भागा. बेस ४०० असेल तर ९८ भागिले २०, म्हणजे ४.९ टक्के इकडे-तिकडे. हा ९५ टक्के खात्रीचा आणि उत्तर अर्धं-अर्धं असतानाचा, म्हणजे सगळ्यात मोठा मार्जिन. पण बायांचा बेस १४० आहे, तिथे मार्जिन ८.३. आणि दहा झोनमध्ये ४०-४० फॉर्म भरले असतील तर प्रत्येक झोनचा मार्जिन साडेपंधरा. दोन झोनची तुलना करायची तर दोघांच्या मार्जिनचे वर्ग जोडून वर्गमूळ काढा, उत्तर २२ च्या जवळ जातं. म्हणजे धरमपेठ ६५ आणि आशीनगर ५५ दिसलं तर यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि तरी "झोननिहाय क्रमवारी" हे टेबल प्रत्येक रिपोर्टमध्ये असतं. काढून टाका ते. झोनबद्दल बोलायचंच असेल तर दहाचे दोन-तीन गट करा, पण ते कसे करायचे हे डेटा पाहायच्या आधी ठरवा.

काय-स्क्वेअर टेस्ट, म्हणजे दोन गोष्टींचा काहीच संबंध नसता तर जे आकडे आले असते त्यांच्याशी खऱ्या आकड्यांची तुलना. आपल्या लिंग आणि सुरक्षिततेच्या टेबलावर करून पाहू. चार खाने: पुरुष हो १५६, नाही १०४, बाया हो ५६, नाही ८४. प्रत्येक खान्याचा अपेक्षित आकडा म्हणजे ओळीची बेरीज गुणिले कॉलमची बेरीज भागिले एकूण. पुरुष-हो साठी २६० गुणिले २१२ भागिले ४००, उत्तर १३७.८. तसेच बाकीचे १२२.२, ७४.२ आणि ६५.८. फरक चारही ठिकाणी १८.२. प्रत्येक फरकाचा वर्ग त्याच्या अपेक्षित आकड्याने भागा आणि बेरीज करा, १४.६ येतात. दोन बाय दोनच्या टेबलाला सीमा ३.८४, आपण खूप वर आहोत, म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगाने यायची शक्यता फार कमी. एक्सेलच्या काय-स्क्वेअर टेस्ट फंक्शनला खरे आणि अपेक्षित आकडे दिले की ते थेट पी व्हॅल्यू (संबंध नसताना एवढा फरक योगायोगाने यायची शक्यता) देतं, १४.६ हा आकडा देत नाही, त्यामुळे घाबरू नका.

नेहमीच्या चुका:
- टेबलात टक्के टाकून टेस्ट चालवणं. माणसांची संख्याच टाकायची.
- अपेक्षित आकडा ५ च्या खाली असलेले खाने पाचातल्या एकाहून जास्त असताना निकाल तसाच छापणं. गट एकत्र करा.
- एकाहून जास्त उत्तरांच्या प्रश्नावर ही टेस्ट सरळ लावणं. प्रत्येक पर्यायाचं हो-नाही वेगळं घ्या.
- चाळीस टेस्ट करून दोन सिग्निफिकंट आल्या की त्याच छापणं. ५ टक्क्यांच्या पातळीवर वीसात एक तशीच येते, म्हणजे चाळीसात दोन तर फुकटच.

पी व्हॅल्यू छोटी म्हणजे फरक मोठा असंही नाही. १४.६ ला ४०० ने भागून वर्गमूळ काढा, ०.१९ येतं, शून्य म्हणजे काही संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध. म्हणजे संबंध नक्की आहे, पण सौम्य. आणि ओळखीतून आलेल्या सॅम्पलवर ही सगळी टेस्ट शोभेची आहे, निवड रॅंडम नसेल तर मार्जिनही काढून दाखवू नका.

१०. लिहायची वेळ

ग्राफ आता. बारचा अक्ष शून्यापासून सुरू करा, थ्रीडी बंद करा, आणि ग्राफखाली बेस लिहा. दशांश एकच, बहुतेक वेळा तोही नको.

टेबलाखालची वाक्यं टेबल वाचून दाखवणारी नकोत. "वरील तक्त्यावरून असे दिसून येते की ६० टक्के पुरुष" हे टेबलातच आहे, तुम्ही सांगा की बायांमध्ये हा आकडा वीस पॉइंटांनी कमी, म्हणजे ६० च्या जागी ४० आहे, आणि हा फरक मार्जिनच्या बाहेर आहे (दोन गटांचा मिळून मार्जिन साधारण १०). "मुळे" हा शब्द जपून वापरा, एकदाच केलेल्या सर्व्हेत संबंध दिसतो, कारण दिसत नाही.

शेवटी पद्धतीचं एक पान लावा, दुसऱ्या पायरीला लिहिलं होतं त्यावरून: कधी, कुठे, कसे निवडले, किती जणांनी नकार दिला, प्रश्नाचे मूळ शब्द मराठीत आणि हिंदीत जसे विचारले तसे, वेट दिलं तर कशावरून. छोट्या वस्तीचं टेबल छापताना एखाद्या खान्यात एक-दोनच माणसं असतील, समजा त्या गल्लीतली एकटी विधवा शिक्षिका, तर तो खाना शेजारच्यात मिसळून टाका, नाव नसलं तरी वस्तीत सगळ्यांना कळतं कोण ते. आणि मूळ फाइल, साफ फाइल, कोडबुक, डायरी हे चारही एका फोल्डरमध्ये टाकून गाईडलाही एक कॉपी द्या, लॅपटॉप व्हायव्हाच्या आठवड्यातच बंद पडतात.